पऱ्हाटीचं झाड आणि कापसाची खोली

माझ्या बायकोने माझं नाटक आयुष्यात एकदाच खरं मानलं, आणि नेमकं तेव्हा मानायला नको होतं.

गोष्ट मागच्या नाताळची. सहा वर्षांच्या नातीला जावई पुण्याहून आमच्या गावी सोडून गेले. आल्या आल्या पोरीने दोन मागण्या ठेवल्या. एक सगळ्यांदेखत: सोसायटीत असतं तसं चमचमणारं झाड. दुसरी माझ्या कानात: "आबा, आई लहानपणी कापसाच्या खोलीत उड्या मारायची ना? बर्फात पडल्यासारखं वाटतं म्हणते. मला पण मारायचीय."

खोली भरलेलीच होती. भाव वाढेल म्हणून वेचणीचा सारा कापूस बैठकीशेजारी छातीइतका रचून ठेवला होता. पण बायकोचा नियम कडक, त्यात कोणी पाय ठेवायचा नाही. कापसात केर जातो, पोरं खोकतात. मी नातीला हळूच म्हटलं, "आजीले सांगू नको. शनिवारी ते भजनाले गेली का आपण दोघं घुसू." पोरीने ओठांवर बोट ठेवलं. कट ठरला.

आधी झाड. शेतातून डोक्याएवढी उंच पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाडच, उपटून आणली. पानं झडलेली, पण वरची बोंडं पांढरी फुटलेली, म्हणजे बर्फ झाड स्वतःच घेऊन आलं होतं. बैठकीत बादलीत माती भरून ते उभं केलं, दिवाळीची लायटिंग गुंडाळली, फुगे बांधले. नात टाळ्या पिटत होती. बायको कमरेवर हात ठेवून दारात.

"वाळली पऱ्हाटी, तिच्यावर लायटिंग, आन् भिंतीपल्याड घरभर कापूस! एकदम चुलीतच काहून नाही उभी केली?"

"बंदोबस्त केला हाय," मी म्हणालो. पाण्याच्या दोन बादल्या, घमेलंभर रेती, ओलं पोतं. एवढं साहित्य जमल्यावर रंगीत तालीम नको? गणपतीतल्या नाटकांत मी वर्षानुवर्षं राजाचं काम करत आलोय. ओट्यावर आलो, छाती भरून घेतली आणि गर्जलो, "आग! धावा हो, आग लागली!"

अर्धी गल्ली धावली. शेजाऱ्याने कुठे काय न पाहता अख्खी बादली माझ्यावर रिकामी केली.

"भाऊ, आग कुठी हाय?"

"लागली तं अशी विझवायची."

"मंग आता तुमाले वाळवायचं कोनं?"

लोक हसून हसून वाकले. मी वाकून नमस्कार केला. बायको तेवढी हसली नाही. नातीला छातीशी घट्ट धरून ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी होती, अनवाणी. मी ते पाहिलं आणि मनात म्हणालो, वा, आवाज अजून शाबूत आहे!

दुसऱ्या दिवशी झाडाच्या शेंड्यासाठी चांदणी आणायला नात आणि मी बोरी अरबच्या बाजारात गेलो. येताना पोरगी स्कूटरवर मागून विचारत होती, "आधी उडी तुम्ही मारणार की मी?"

"आधी तू. मी पडलो तं कापसाची गादीच होईन."

गावाच्या वळणावर कापसाने भरलेली एक गाडी समोरून गेली. पुंजके उडत होते. नात ओरडली, "बर्फाची गाडी!" मीही हॉर्न वाजवून तिला सलामी दिली.

घरी आलो तर खोलीचं दार सताड उघडं. बायको आत झाडू मारत होती.

"व्यापारी आलता. देऊन टाकला कापूस. भाव गेला खड्ड्यात, पोरीच्या जिवापेक्षा मोठा हाय का? काल जीव गळ्यात आलता माहा." मग बैठकीत येऊन तिने स्वतः बटण दाबलं. "लावा आता, दिवसभर लावा तुमची लायटिंग." आणि ती पहिल्यांदाच त्या झाडाशेजारी निवांत टेकली. इतकी खुशीत होती की शनिवारचा कट मला सांगवेना.

नातीने माझ्याकडे पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं.

आजी चहा करायला गेली तशी पोरीने झाडाची हाताला येतील ती बोंडं वेचली. मूठभर कापूस निघाला. रिकाम्या खोलीच्या मधोमध तो फरशीवर पसरला, मागे सरली, पळत आली आणि उडी मारली. धप्प.

"काय पडलं वो?" आतून आवाज आला.

"काही नाही, आजी."

ती टाच चोळत होती. मी विचारलं, "बर्फासारखं वाटलं?" "हो आबा," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. झाड मात्र ती जाईपर्यंत सुखरूप उभं होतं. एक फुगासुद्धा फुटला नाही.

यंदाही खोली छातीभर भरली आहे. परवा नातीला फोन केला. म्हटलं, ये, झाडबिड काही नाही, लायटिंग नाही, नुसता बर्फ. शनिवारही ठरवून टाकला.

"नको आबा," ती म्हणाली. "आजी घाबरते."