नारूच्या चित्रांना माझा आवाज

मंडळी, आज दुपारी शाळेच्या खिडक्यांना गोणपाटं लावून दवाखान्याच्या साहेबांनी नारूची, म्हणजे पायातून लांब जंत निघतो त्या रोगाची, मुकी चित्रं पडद्यावर दाखवली. त्यांना मराठी येत न्हाई, म्हणून बोलणारा मी.

सुजलेला पाय दिसताच मी म्हटलं, "ओळखलं का? हा आपल्या किसनाचा पाय!"

शाळा हसून लोळली. किसना लंगडत निघून गेला. पुढचं चित्र सांगत होतं : नारूचा पाय पाण्यात घालू नका, गावभर पसरेल.

परतताना पाहिलं, किसना बारवेत पाय सोडून बसलेला.

"किसना, पाय काढ! गावाला नारू होईल!"

"पुरे करा थट्टा, मास्तर."

घागरी भरणाऱ्या बायाही पदराआड हसल्या आणि पाणी घेऊन घरी गेल्या.

साहेब मात्र खूश : "लोग बहुत हँसे!"

तुमच्या गावात कधी बोलावताय मला?