टिटवीसाठी अभ्यासक्रम

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. कोणी जरा जास्त गोड बोललं की तिच्या भुवया वर जात. नवरा तिला ‘फौजदारीणबाई’ म्हणायचा.

तिची लेक उंच उडी मारायची. लांबलचक पायांमुळे घरात तिला सगळे टिटवीच म्हणत. गणितातही पोरगी वर्गाच्या कितीतरी पुढे. पण सराव आणि शाळा यांची सांगड बसेना. ती बाकावर डुलक्या घेऊ लागली. शेवटी तिला घरीच शिकवायचं ठरलं.

ते कळताच कोच सरांनी एक ऑनलाइन अभ्यासक्रम सुचवला. “ताई, डोळे झाकून घ्या. हुशार खेळाडूंसाठीच बनवलाय.”

‘डोळे झाकून’ हेच तिला खटकलं.

“यात सरांना काय मिळतंय?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“अगं, भल्यासाठी सांगतायत. सगळ्यांत काळंबेरं कशाला शोधतेस?”

आठवडाभर तो अभ्यासक्रम फुकट वापरून पाहायला मिळाला. टिटवीला रोज पैकीच्या पैकी! नवरा खूश, हिच्या मात्र भुवया वर. रविवारी लेक मैदानावर गेल्यावर तिनं कॉम्प्युटर उघडला आणि प्रश्न न वाचताच धडाधड उत्तरं ठोकली. पडद्यावर आलं, ‘उत्कृष्ट! तुम्ही असामान्य आहात.’ मग तिनं मुद्दाम त्रिकोणाला चार बाजू दिल्या. तेही गोड मानून घेतलं गेलं.

ती तशीच तणतणत मैदानावर गेली. सर उडीच्या गाद्या उचलत होते.

“सर, खरं सांगा. यात तुमचा वाटा किती?”

सरांचा चेहरा पडला. “वाटा? ताई, लहानपणी खेळ आणि अभ्यास दोन्ही ओढताना मी मेटाकुटीला आलो होतो. शाळाच सुटली. हिला तरी सोपं जावं, एवढंच वाटलं. मी तो उघडूनही पाहिला नाही.”

ती अजून त्यांचा चेहरा निरखत होती, तेवढ्यात मागून टिटवी म्हणाली, “आई, मला ठाऊक होतं. मीपण चुकीची उत्तरं देऊन बघितली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू परत शाळेत धाडलं असतंस.”

आई मटकन बाकावर बसली. जगावर संशय घेताना घरात तिनं डोकावलंच नव्हतं. लेक आपल्याला इतकी घाबरते, हे तिला फार लागलं.

“नाही धाडणार,” ती म्हणाली. “पण यापुढे लपवायचं नाही.”

नंतर दोघींनी मिळून बरेच अभ्यासक्रम चाळले. टिटवीनं निवडला तो, ज्याच्या पहिल्याच धड्यात ती अडली. उत्तरं हातानं लिहायची, ती खऱ्या बाई तपासायच्या, आणि स्पर्धा असली की परीक्षा पुढे ढकलता यायची. आईनं त्या बाईंना फोन करून भंडावून सोडलं, मगच होकार दिला.

पहिला पेपर लाल शाईनं भरून आला. टिटवी रडली, रुसली आणि मग पाय पोटाशी घेऊन पुन्हा सोडवायला बसली.

सरांबद्दल आई अजून छातीठोकपणे काही सांगत नाही. सराव मात्र त्यांच्याचकडे चालू आहे.