सदरमधली समोरची खोली

पुष्पलता बारावीला शाळेत पहिली आली, तेव्हा शालिकराम शेतातलं काम भावावर टाकून लेकीला घेऊन रामटेकहून थेट नागपूरला आले. तिथल्या सदर भागात ओमप्रकाश सरांचं ऑफिस होतं. मुलांना कॉलेज मिळवून देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव गावापर्यंत पोचलेलं. पुष्पलताने भीत भीत पुण्याच्या एका कॉलेजचं नाव घेतलं. चांगल्या मार्कांच्या मुलांची चारही वर्षांची फी तिथे माफ होते, असं तिने वाचलं होतं.

"भरून टाकू न अर्ज," सर म्हणाले. "ईमेल माझाच टाकतो. काही आलं तर कळवतो, काका."

महिनाभराने सरांनी तिकडून नकार आल्याचं सांगितलं आणि शहराबाहेरच्या एका कॉलेजात 'खास सवलतीत' जागा करून दिली. तिथल्या प्रयोगशाळेला बहुतेक वेळ कुलूपच असे. डिग्री हातात आली, पण नोकरी काही आली नाही. पुष्पलता धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसू लागली.

तिथेच एकदा दीप्ती भेटली. शाळेत कायम दुसरी येणारी, आता पुण्यात चांगल्या नोकरीत. आईला डॉक्टरांना दाखवायला आली होती.

"तू नाही म्हटलं म्हणून मले पुण्याच्या कॉलेजातली ती जागा मिळाली वं," बोलता बोलता ती म्हणाली. "मी वेटिंगवर होती."

"मी काहून नाही म्हणीन?"

"कॉलेजच्या मॅडमच बोलल्या. तुमच्याच शाळेच्या पोरीनं ईमेलवर नकार कळवला म्हणे."

पुष्पलताला आपला अर्ज आठवला. ईमेल सरांचा होता. तिने आपल्या कॉलेजातल्या जुन्या क्लार्कला गाठलं, तेव्हा बाकीचंही कळलं. सर पाठवतील त्या प्रत्येक मुलामागे ते कॉलेज त्यांना पैसे देत होतं. पुण्याहून त्यांना काहीच मिळणार नव्हतं.

ती रडली नाही, भांडायलाही गेली नाही. भांडलं तर हा माणूस तासाभरात मोकळा होईल, एवढं स्वस्तात त्याला सोडायचं नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं.

दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत ती कॉलेजांना फोन लावू लागली. कोण बारावीच्या मार्कांवर फी माफ करतं, कोण प्रवेश परीक्षेवर. कोण पहिल्याच वर्षी माफ करून दुसऱ्या वर्षी मार्कांची अट घालतं. फीबरोबर होस्टेल आणि मेसही कोण सोडतं. आधी गावातल्या पोरांचे अर्ज तिने बसून भरून घेतले. प्रत्येकाला एकच दम असे, "ईमेल तुझाच, पासवर्ड तुझाच. मलेही सांगायचा नाही." त्यांतली पायल बंगळुरूला पूर्ण फीमाफीवर गेली आणि पुष्पलताचं नाव झालं. आईबाप आपणहून तिच्या हातावर काही पैसे ठेवू लागले.

मग तिने दवाखाना सोडला आणि सदरमध्ये खोली घेतली. शहरभर खोल्या होत्या. तिने घेतली ती ओमप्रकाश सरांच्या दारासमोरची. दारावर पाटी लावली, 'आम्ही कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही.' जिना चढून येणारा माणूस आधी ती पाटी वाचे, मग सरांच्या दाराकडे बघे आणि अर्ध्यावर थबके. दार उघडं ठेवून पुष्पलता ते थबकणं बघत बसे. इतकं सुख तिला दुसऱ्या कशात वाटत नव्हतं.

निकालाच्या दुसऱ्या हंगामात सरांचा एसी बंद दिसू लागला. शेवटी सर स्वतःच तिच्या दारात आले. वाळले होते.

"काहून माझ्या पोटावर पाय देऊन राहिली, बाई? काय वाकडं केलं मी तुझं?"

"ओळखलं नाही मले?"

सरांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "नाही बा. कितीतरी पोरं येऊन गेली."

आत तीन-चार आईबाप बसलेले होते. सांगावं, यांच्यासमोर सगळं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण तिचं आयुष्य वळवणाऱ्या माणसाच्या ते लक्षातही नव्हतं, या गोष्टीने तिच्या आत पुन्हा नव्याने पेट घेतला.

"आठवून पाहा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाले आठवेपर्यंत मी इथंच आहे."

दिवाळीच्या आत सरांनी ऑफिस हलवलं. मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. शालिकरामांना कळलं तेव्हा ते लेकीला म्हणाले, "झालं न आता. सोड वं त्याले."

"हो, बाबा," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती त्या गल्लीत गेली. वरच्या मजल्यावर सरांची पाटी होती. शेजारच्या खोलीला कुलूप दिसत होतं. तिने झेरॉक्सवाल्याला विचारलं, "दादा, ती खोली कोणाची आहे? भाड्यानं देऊन राहिले काय?"