दुपारी तीनचं बुकिंग

एका मंगळवारी सकाळी माझी बायको सुनंदा इथे बहारीनमध्ये, सलमानियाच्या हॉस्पिटलात वारली. मी बाहेर बाकावर होतो.

आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तिच्याजवळही नाही. तिच्याजवळ बोलायला चार वर्षं होती — चार वर्षं कमी असतात का?

आधी आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. फॉर्म मी भरायचे. ईसा टाउनमध्ये राहायला आलो तेव्हापासून ओळखीची कोकणातली माणसं शुक्रवारी कागद घेऊन माझ्याकडे येतात — व्हिसा, रजा, मुलांची ॲडमिशन. मी भरलेला फॉर्म परत येत नाही, असं ती म्हणतात. त्यामुळे एखादी गोष्ट होत नाही असं मी म्हटलं, की तिथेच विषय संपतो. कुणी पडताळून बघत नाही.

सुनंदा खाडीकाठची. तिचे वडील तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे, आणि शाळेत जायच्या आधीपासून तिच्या हातात वल्हं होतं. इथे वीस वर्षं तिने एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काढली. मग कुठेतरी तिने कॅनडातल्या एका रानाची माहिती वाचली. तळ्यांमागून तळी, रस्ता नाही. लहान होडीतून जायचं, आणि एक तळं संपलं की होडी डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा होता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. आठ दिवसांचे पोहे किती, मेतकूट किती, हे तिने वजन करून लिहून ठेवलं होतं. एक दिवस वाऱ्यासाठी राखला होता — वारा सुटला की पाण्यात उतरायचं नाही, काठावर बसून राहायचं.

"तुम्ही पुढे बसा नि पुस्तक वाचा," ती म्हणायची. "होडी मी बघते. बुडू देणार नाही हो तुम्हाला — मग लोकांचे फॉर्म कोण भरणार?"

मीही हसायचो.

दर रजेला आम्ही गावी जायचो. ही पहिली रजा, जी गावाची नव्हती. दोघांचे व्हिसा आले, रजा मंजूर झाली. राहिलं होतं ते त्या रानाचं बुकिंग. तिथे रोज ठरावीकच होड्या आत सोडतात, आणि पाच महिने आधी, त्यांच्या सकाळी सात वाजता, बुकिंग उघडतं. तेव्हा इथे दुपारचे तीन. सुनंदा ड्यूटीवर होती. मी अर्धी सुट्टी घेऊन घरी बसलो.

जागा मिळाली. पहिल्याच प्रयत्नात मिळाली. मी दोघांची नावं भरली. पानाच्या कोपऱ्यात पंधरा मिनिटं उलटी मोजली जात होती. तेवढ्यात शेवटचं बटण दाबायचं होतं. मी हात मांडीवर ठेवले — आणि आकड्यांकडे बघत राहिलो. शून्य झालं. जागा गेली.

मी तिला फोन केला. "फुल झालं."

"सगळंच? पुढच्या आठवड्याचं बघितलंत?"

"सगळंच." ते मी बघितलंही नव्हतं.

ती म्हणाली, "खलास तर मग. पुढच्या वर्षी, इंशाल्ला. तुम्ही जेवलात का?"

पाण्याची भीती होती का? होती. पोहता येत नाही मला. पण भीती वाटते एवढं सांगता आलं असतं. ती चार दिवस चिडवत राहिली असती, आणि हमद टाउनच्या रेहानाला, तिच्या मैत्रिणीला, घेऊन गेली असती. रेहाना एका पायावर तयार होती. आणि तेच मला नको होतं — माझ्याशिवाय तिचं तिथे काही अडलं नसतं, हे मला बघायचं नव्हतं. हे लिहायला इतका वेळ का लागला? भीतीचं नाव पुढे करणं सोपं होतं, म्हणून.

त्या रजेत आम्ही तिच्या पुतण्याच्या लग्नाला गावी गेलो. पुढच्या वर्षी तिच्या आईचं आजारपण निघालं. त्यानंतर तिचं स्वतःचं.

तेराव्याला घरी माणसं जमली होती. आमची मुलगी इथेच शिकली. मराठी समजते, बोलते इंग्रजीत. आईची आठवण म्हणून तिने सगळ्यांना हीच हकीकत सांगितली — आईला त्या तळ्यांवर जायचं होतं, आणि बाबा तिच्यासाठी दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यू ट्राइड, बाबा." रेहानाने डोळे पुसले. मी मान हलवली, आणि आणखी कुणाला चहा हवा का ते विचारलं.

मुलगी ही हकीकत आता पुन्हा पुन्हा सांगते. तिच्याजवळ आईची म्हणून हीच एक मोठी आठवण आहे, आणि ती खोटी आहे.