गरम झाली की बंद

माझी गाडी थंड असताना कधीच बंद पडली नाही. हीच तर तिची बदमाशी. सकाळी बोरिवलीहून निघालो की हायवेला सुसाट, आरेच्या रस्त्याला वळलो की वळणावळणाला अशी चिकटून जायची की ऑफिस, बॉस, हप्ते, सगळं मागे तबेल्यांच्या वासात राहून जायचं. आणि पलीकडे मरोळच्या सिग्नलला पंधरा मिनिटं अडकलो, इंजिन चांगलं तापलं, की आरपीएमचा काटा थरथरायला लागायचा. एक हिसका, दुसरा हिसका, मग गप्प. मागून हॉर्नची बोंबाबोंब. दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चावी मारायची, की बाईसाहेब हजर, जसं काही झालंच नाही!

तेरा वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलंय. मी तिचा तिसरा मालक. बायको तिला सवत म्हणते आणि अगदीच खोटं म्हणत नाही. रविवारी मी घरात कमी आणि बॉनेटखाली जास्त असतो. दिवसभर विम्याच्या ऑफिसात खुर्ची उबवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने काहीतरी नीट करता येतं, याची केवढी नशा असते ते मी कुणाला सांगू?

बाबांना हे खूळ कळायचं नाही. बाबा आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका कुरियरवाल्याकडे. आयुष्यात सायकलसुद्धा घेतली नाही. गाडी बंद पडून मी घामाघूम घरी आलो की ते गॅलरीतून अस्सल मालवणीत आशीर्वाद द्यायचे, "शिरा पडो तुझ्या त्या गाडयेर!" आणि आत जाऊन माझ्यासाठी पंखा लावायचे.

मग ती दुपार आली. सुट्टीचा दिवस, जेवणं झालेली, आणि बाबा छाती धरून पलंगावर बसले. त्यांचे डॉक्टर अंधेरीचे. बायको म्हणाली, "टॅक्सी मागवते." मी म्हणालो, "टॅक्सी येईपर्यंत आपण पोचू. माझी गाडी कशाला आहे मग?" हे वाक्य मी बोललो. मीच.

गाडीने मला अंधेरीच्या अलीकडे पुलाच्या चढावर दगा दिला. मागच्या सीटवर बाबा, त्यांना धरून बायको, एसी बंद, काचा खाली, आणि मी चावी फिरवतोय, फिरवतोय. स्टार्टर नुसता कण्हत होता. बाबाच बोलले, तेही धापा टाकत, "होतली चालू. तू घाबरू नको." दहा मिनिटांनी झाली चालू. आम्ही पोचलो, डॉक्टरांनी बंद झालेली एक नळी उघडली, बाबा वाचले. बाहेर येऊन डॉक्टर एवढंच म्हणाले, की थोडं आधी आणायला हवं होतं. ते तसे सहजच बोलले असतील, पण मला आजही त्या वाक्यासकट जाग येते.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. घरी आल्यावर बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "सहा आठवडे आहेत तुझ्याकडे. बाबा तपासणीला या गाडीतून जाऊन आले आणि गाडी कुठे थांबली नाही, तर ठेव. नाहीतर विक. मला पुन्हा त्या पुलावर बसायचं नाहीये."

मला गाडी ठेवायची होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला बाबांना त्या मागच्या सीटवर पुन्हा बसवायचं होतं. नुसतं बसवायचं, अंधेरीला न्यायचं, आणायचं. ती दहा मिनिटं पुसायची होती.

त्यानंतर मी हात धुऊन मागे लागलो. प्लग बदलले, कॉइल बदलल्या. पेट्रोलचा पंप बदलला, जुना अगदी ठणठणीत निघाला. जेवताना माझं लक्ष नाही, ऑफिसात लक्ष नाही. मीटिंगमध्ये समोरचा आकडे वाचतोय आणि माझ्या डोक्यात, वायरिंग तर तापत नसेल? गाडीवेड्यांचा आमचा एक ग्रुप आहे, तिथे पन्नास जणांनी पन्नास रोग सांगितले. एकाने तर गाडीला नजर लागलीय म्हणून सांगितलं. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एक सेन्सर असतो. केसाएवढी बारीक तार; तिच्यावर घाण बसली, की इंजिन तापल्यावर हवेचं माप चुकतं. ती स्प्रे मारून साफ केली की गाडी आठ-दहा दिवस सोन्यासारखी चालायची. मग पुन्हा तेच. म्हणजे ती तार सारखी घाण होत होती. पण कशाने? हवेची जाळी तर मी दर रविवारी धूत होतो. तीही साधी नाही. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढून मी उघडी, चकचकीत, शंकूच्या आकाराची जाळी लावली होती. तिने टर्बोचा आवाज असा सुटतो, की बोगद्यात अंगावर काटा यावा. त्या जाळीला धूळ धरून ठेवायला तेलाचा हात लावायचा असतो, पण तेल उडून सेन्सर खराब होतो असं ग्रुपवर वाचलं होतं, म्हणून मी ती कोरडीच वापरायचो. मला वाटायचं मी फार हुशार.

चौथ्या आठवड्यात मी अंधेरीच्या माझ्या मिस्त्रीकडे गेलो. पत्र्याची शेड, साठीचा माणूस, मूळचा साताऱ्याकडचा, कमी बोलणारा. त्याने सेन्सर काढला, उन्हात धरला, तारेवरची करडी भुकटी चिमटीत घेऊन चोळली आणि वास घेतला. पुन्हा घेतला.

"ही रस्त्याची धूळ नाही," तो म्हणाला. "ती काळी असते, चिकट असते. हा अंगारा आहे."

"काय?"

"अंगारा. देवाचा. धूपाचा वास येतोय बघ. घरात कोण लावतं?"

अंगाची नुसती लाही झाली. गावच्या देवळातून दर वर्षी येणारी अंगाऱ्याची पुडी आमच्या देव्हाऱ्यात असते, आणि तिला हात लावणारा घरात एकच माणूस आहे. मिस्त्री मागून काहीतरी हाका मारत होता. मी न ऐकता निघालो.

सोसायटीत शिरल्या शिरल्या मी वॉचमनला विचारलं. तो बिचारा कौतुकाने म्हणाला, "आजोबा ना? दर सोमवारी पहाटे करतात की पूजा. चावी आणून, बॉनेट उघडून, आतल्या जाळीला अंगारा लावतात. मागच्या महिन्यापासून तर गुरुवारीपण."

बाबा तेव्हा कंपाउंडमध्येच फेऱ्या मारत होते, डॉक्टरांनी सांगितलेल्या. मी गाडीतून उतरलो आणि सुटलो. सोडलं नाही काही. म्हणालो, महिनाभर मी वेड्यासारखा फिरतोय, आणि तू इंजिनाच्या नाकात राख घालतोयस? कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. बाबा काठीवर हात ठेवून ऐकत होते. आणि मग मी ते बोललो. "त्या दिवशी पुलावर मेला असतास ना बाबा, तर तुझ्याच अंगाऱ्याने मेला असतास!"

बाबा अगदी हळू म्हणाले, "मी गाडयेसाठी नाय लावलंय. तू कपाळाक लावून घेणस नाय, म्हणान गाडयेक लावलंय."

आणि काठी टेकत जिन्याकडे गेले.

खरं होतं ते. सकाळी घाईत निघताना बाबा बोटावर अंगारा घेऊन दारात यायचे आणि मी मान मागे घ्यायचो. "बाबा, ऑफिसला जायचंय, नको ना." कितीदा! कॉलेजात असल्यापासून. दर रविवारी मी ती जाळी धुताना-पुसताना त्यांनी पाहिलं होतं. पोरगा हिला एवढं जपतो, म्हणजे इथेच लावलं की पोराला पोचेल, असा त्यांचा हिशोब. आणि गाडी जितकी जास्त बंद पडायची, तितका ते जास्त लावायचे.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला फोन केला. मला अजून कुणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं. म्हणालो, म्हाताऱ्याने वाट लावली बघ. तो म्हणाला, "काल हाका मारत होतो तुला. त्यांचं काय चुकलं? कंपनीचा बंद डबा असता तर बाहेरून किलोभर अंगारा लावला असता तरी आत कणभर गेला नसता. डबा कोणी काढला? जाळी कोरडी कोणी ठेवली?"

मी फोन ठेवला. डबा मी भंगारात दिला होता, आवाजासाठी.

दोन शनिवार मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात घालवले. शेवटी एका अपघातात चेपलेल्या गाडीचा डबा मिळाला, एक कान तुटलेला. तो बसवला, कागदी फिल्टर घातला. टर्बोचा आवाज गेला. गाडी एकदम सभ्य बाईसारखी बोलायला लागली. मग भर दुपारी एसी लावून मी मुद्दाम ट्रॅफिकमध्ये गेलो. मरोळला, साकीनाक्याला, परत त्याच पुलावर. एकदा, दोनदा, पाचदा. काटा हलला नाही.

घरी येऊन बाबांसमोर उभा राहिलो. "बाबा, माझंच चुकलं रे. डबा मीच काढला होता. तुझा काही दोष नाही." ते पेपर वाचत होते. "बरां," म्हणाले. पान उलटलं. रागावलेसुद्धा नाहीत. मी तिथेच घुटमळत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मुद्दाम दारात जास्त वेळ बूट घालत बसलो. बाबा देव्हाऱ्यासमोर होते. बाहेर आले नाहीत.

तपासणीचा दिवस आला. मी रजा घेतली, गाडी धुतली, मागच्या सीटवर उशी ठेवली, फाटकापाशी आणून उभी केली. बायको फाइल घेऊन खाली आली. मागून बाबा, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मी दार उघडून धरलं.

बाबा गाडीपाशी थांबले. बॉनेटवरून फिरवायला म्हणून हात अलगद उचलला आणि न टेकवताच मागे घेतला. "नको रे," ते म्हणाले. "माझ्यान परत तिका काय झाला तर?"

मी म्हणालो, "बाबा, काही होत नाही आता. बस ना. प्लीज." बायकोपण म्हणाली, "बसा ना बाबा." ते नुसते हसले. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाला त्यांनी काठी दाखवली. बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्याबरोबर आत बसली.

मी मागोमाग निघालो. बोरिवली ते अंधेरी, अकराचं ऊन, प्रत्येक सिग्नल लाल. रिक्षाच्या मागच्या खिडकीतून बाबांची मान आणि पांढरे केस दिसत होते. पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबला, आम्ही दोघं मागेपुढे उभे राहिलो, अगदी त्याच जागी, दहा मिनिटं, कदाचित जास्तच. गाडी एकदाही अडखळली नाही. मागची सीट रिकामी होती.