अर्धे गुण

ग्वेन हॅस्केट बाईंच्या हातून कुणी नापास होत नाही, अशी त्या कॉलेजात ख्याती होती. अमेरिकेच्या पार उत्तरेला, बटाट्याच्या शेतांमधलं छोटंसं कॉलेज ते. बाई नर्सिंगच्या पोरींना औषधाच्या मात्रेची गणितं शिकवायच्या. रीत बरोबर आणि उत्तर चूक, तर अर्धे गुण. कुणी टोकलंच तर म्हणायच्या, पोरींना घरचे व्याप काय कमी आहेत?

डार्सी थिबोडो त्यातलीच. पदरात दोन लेकरं, नवरा परागंदा, सकाळी गोदामात बटाटे निवडायचे आणि दुपारी वर्ग. इस्पितळात सरावाला गेली की पेशंटांचा तिच्यावर भारी जीव. पण दशांश चिन्ह दिसलं की पोरीची गाळण उडायची, दहापट औषध लिहून मोकळी व्हायची. बाई सुस्कारा सोडायच्या आणि अर्धे गुण देऊन तिला काठावर तारायच्या. दया आली म्हणे! दहापट औषध पोटात गेलेल्या माणसाला काय सांगणार, रीत बरोबर होती म्हणून?

पदवी मिळाली, लेकरांनी केक खाल्ला. मग आली नर्सच्या परवान्याची परीक्षा. तिथे अर्धं काही मिळत नाही. डार्सी एकदा आपटली, दोनदा आपटली, तिसऱ्यांदा आपटली तेव्हा सरळ बाईंच्या खोलीत आली. बाईंनी सांत्वन तयारच ठेवलं होतं: प्रश्न अवघड असतात, नशीबही लागतं. डार्सीने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, एकच सांगा. मला ही गणितं येतात का?"

थोडी येतात, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांकडे बघून त्यांना ते बोलवेना.

"नाही. पहिल्या वर्षीही येत नव्हती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."



"मग तेव्हाच नापास का नाही केलंत? एक वर्ष गेलं असतं, पण शिकले असते हो मी. मला वाटायचं, आपल्याला बऱ्यापैकी जमतंय."

आजपासून रोज शिकवते, बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. डार्सीने नकारार्थी मान हलवली. सोमवारपासून तिने गोदामात दिवसभराची पाळी धरली होती, लेकरांना खायला तर घालायचं होतं. तिने कोट चढवला आणि दारात थांबून, खरं बोललात म्हणून बाईंचे आभार मानले. अगदी मनापासून मानले. ते आभार बाईंना आजही सोसत नाहीत.