सुई टोचलेलं संत्रं

मंगळवारी दुपारी, जठारपेठेतल्या आमच्या हॉलमध्ये, एक जुना खून खटला साफ कोसळला... आणि मी जाम खूश आहे!

झालं असं, की माझ्या विहीणबाई पातूरहून आल्या होत्या. म्हणजे माझ्या लेकीच्या, मुग्धाच्या सासूबाई. दाढ काढायची होती, म्हणून दोन दिवस मुक्काम.

मला धडकीच भरली होती. लग्नाला तीन महिने झाले तरी त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. सकाळी मुग्धाचा फोन... "आई, त्यांच्याशी नीट बोल गं, मला इथे राहायचंय." आता मी काय कधी वाकडं बोलते का? (थांबा, कळेल.)

त्या दाढ काढून आल्या. गालात कापसाचा बोळा, दोन-तीन तास बोलायची मनाई. चला, बोलण्याचा प्रश्नच मिटला! मी आपला सिनेमा लावला... माझा लाडका, जुना, ब्लॅक अँड व्हाइट रहस्यपट.

अमरावतीला कॉलेजात असताना लेक्चर बुडवून पाहिला होता, त्यानंतर किमान पंधरा वेळा. यात एकही चूक नाही, असं मी आजवर सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलेय.

गोष्ट अशी... श्रावणातल्या धो धो पावसात बंगल्यातले शेठजी मरतात. पुतण्याने फळांच्या टोपलीतल्या एका संत्र्यात सुईने विष भरलेलं असतं, आणि स्वतः आठ दिवस आधीच परगावी निघून गेलेला. म्हणून त्याच्यावर कोणाला संशयच येत नाही.

शेवटी इन्स्पेक्टर सालीवरचं ते बारीक भोक दाखवतो, तेव्हा माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. याही वेळी आला. तेवढ्यात विहीणबाईंनी गालातला बोळा चक्क बाहेर काढला.

"ओ ईनबाई, थांबवा ते! आठ दिवस? टोचलेलं संत्रं?"

मी गपकन पॉज केलं.

"आमच्या बगीच्यात रातचा पतंग येते. सोंड टोचते न् जाते. तेवढ्याशा भोकानं फळ चार दिसात सडून खाली पडते. अन् हे आठ दिवस चमकूनच राहिलं! अन् श्रावनात यानं पिकलं संत्रं आनलं कुठून? तवा तं झाडावर हिरवं कच्च असते!"

खरं सांगते, आधी राग आला. पंधरा वेळा पाहिलेला सिनेमा, असा अर्ध्या मिनिटात... मग हसू फुटलं ते थांबेचना. त्याही हसायला लागल्या, गाल हाताने दाबून. "अवं हसवू नका, दुखते ना!"

मग आम्ही तो पुन्हा पहिल्यापासून लावला, फक्त चुका पकडायला. इन्स्पेक्टर मुसळधार पावसातून येतो आणि बूट कोरडे, हे मी पकडलं. मेलेल्या शेठजींचं पोट हलतंय, हे त्यांनी.

हसता हसता त्या एकदम म्हणाल्या, "लग्नात तुमी म्हनलं, एवढे संत्रे कोन खाईन... मले लय लागलं होतं."

मला आठवलं आणि चेहराच उतरला. त्यांनी बगीच्यातली चार कॅरेट संत्री पाठवली होती, एकेक फळ स्वतः निवडून. आणि मी लग्नाच्या गडबडीत, त्यांच्या देखत, हे बोलून गेले होते. मी विसरले, त्या तीन महिने मनात घेऊन होत्या.

फार वाईट वाटलं हो. त्यांचा हात धरून म्हटलं, चुकलं माझं.

"जाऊ द्या ना आता," त्या म्हणाल्या. "त्या पुतन्यापेक्षा तं बऱ्याच हा तुमी!"

काल पातूरहून एक कॅरेट आलं. मागोमाग मुग्धाच्या मोबाइलवरून सासूबाईंचा व्हॉइस मेसेज... "एकेक पाहून भरलं हाय. टोचलेलं एकबी नाही."

संध्याकाळी सगळी बिल्डिंग बोलावून तोच सिनेमा लावला. टोपलीचा सीन आला तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक संत्रं होतं, आणि हसण्याचा नुसता गोंधळ.

तो सिनेमा लिहिणाऱ्याने एखाद्या बागायतदाराला विचारलं असतं, तर मला माझी विहीण मिळाली नसती. त्याचे मनापासून आभार.

कॅरेट संपलं. आज सकाळी मी स्वतः पातूरला फोन करून आणखी एक मागवलंय.